संगणकाला सांगायचे कसे?

मुलांनो, आई बाहेरच्या खोलीतून हाक मारते, "अरे, दुधाकडे बघ जरा!" तुम्ही स्वयंपाकघरात जाता. दूध वर येताना दिसते आणि तुम्ही पटकन गॅस बंद करता. खरे म्हणजे 'गॅस बंद कर' असे आईने सांगितलेलेच नव्हते. ती फक्त 'बघ' म्हणाली होती. तरी तिच्या मनातले तुम्हांला कळले.

संगणकाला ते कळले नसते. तो दूध उतू जाताना नुसता बघत राहिला असता!

संगणक अतिशय वेगाने काम करतो, पण सांगितले तेवढेच करतो. म्हणून त्याला प्रत्येक गोष्ट नेमकी आणि क्रमाने सांगावी लागते. अशा क्रमाने लिहिलेल्या सूचनांना आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. मोबाइलवरचा खेळ, हिशेब करणारे गणकयंत्र, रेल्वेचे तिकीट काढून देणारे अ‍ॅप, या सगळ्यांच्या मागे कोणीतरी लिहिलेला प्रोग्रॅमच असतो.

प्रोग्रॅम कोण लिहितो? बहुतेक वेळा ते काम शिकलेले अभियंते. पण एका देशाच्या पंतप्रधानांनीही एक प्रोग्रॅम लिहिला होता, बरे का! ही गोष्ट आहे सिंगापूरची.

सिंगापूर हा आग्नेय आशियातील एक छोटासा देश. तेथे मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी अशा चार राजभाषा आहेत. २००४ ते २०२४ या काळात ली सिएन लूंग हे तेथील पंतप्रधान होते. तरुणपणी ते इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गणित आणि संगणकशास्त्र शिकले होते. पुढे राज्यकारभारात पडले, तरी प्रोग्रॅम लिहिण्याची त्यांची आवड गेली नाही. सवड काढून त्यांनी सुडोकूचे कोडे सोडवणारा एक प्रोग्रॅम लिहिला.

तो त्यांनी कोणत्या भाषेत लिहिला असेल? संगणकाला मलय समजत नाही, तमिळ समजत नाही आणि आपली मराठीही समजत नाही. त्याच्या आतला सारा कारभार ० आणि १ या दोनच खुणांवर चालतो. पण माणसाला फक्त ० आणि १ लिहीत बसणे फार कठीण जाते. म्हणून दोघांच्या मधल्या भाषा तयार केल्या गेल्या. त्यांतल्याच सी प्लस प्लस नावाच्या भाषेत ली यांनी आपला प्रोग्रॅम लिहिला. अशा भाषेत लिहिलेल्या सूचनांचे ० आणि १ मध्ये रूपांतर करण्याचे काम दुसरा एक प्रोग्रॅम करतो.

सुडोकू तुम्ही वर्तमानपत्रात पाहिले असेल. मोठ्या सुडोकूत ८१ घरे असतात. आपण १६ घरांचे छोटे सुडोकू घेऊ. रिकाम्या घरात आडवी रेघ दिली आहे.

– – ३ ४
३ ४ १ २
– २ ४ ३
४ ३ २ १

नियम सोपा आहे. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि चार घरांच्या प्रत्येक छोट्या चौकोनात १, २, ३, ४ हे अंक एकेकदाच आले पाहिजेत. छोटे चौकोन चार आहेत, एकेका कोपऱ्यात एकेक.

आता हे कोडे संगणकाकडून सोडवून घ्यायचे आहे. 'रिकाम्या घरांत अंक भर' एवढे सांगून भागणार नाही. सूचना अशा द्याव्या लागतील:

१. पहिल्या रिकाम्या घरावर जा.
२. त्या घरात १ मांडून पाहा.
३. जर तोच अंक त्या आडव्या ओळीत, उभ्या ओळीत किंवा छोट्या चौकोनात आधीच असेल, तर तो पुसून त्याच्या पुढचा अंक मांडून पाहा.
४. अंक चालला, तर पुढच्या रिकाम्या घरावर जा आणि पुन्हा सूचना २ पासून सुरू कर.
५. १ पासून ४ पर्यंत एकही अंक चालला नाही, तर ते घर रिकामे ठेव. त्याआधी भरलेल्या घरावर परत ये. तेथील अंक पुसून त्याच्या पुढचा अंक मांडून पाहा.
६. सगळी घरे भरली की थांब.

या सूचना नीट वाचा. त्यांत 'जर' आणि 'तर' हे शब्द आले आहेत. त्यांना अट म्हणतात. अट घातली की संगणक ती तपासतो आणि त्याप्रमाणे पुढे काय करायचे ते ठरवतो. चौथ्या सूचनेत 'पुन्हा' हा शब्द आहे. त्याला पुनरावृत्ती म्हणतात. तेच काम हजार वेळा करायचे असले, तरी सूचना एकदाच लिहावी लागते. सूचनांचा क्रम, अट आणि पुनरावृत्ती या तीन गोष्टींवर लहानमोठे सगळे प्रोग्रॅम उभे असतात.

चला, आता आपणच संगणक होऊ. पेन्सिल आणि खोडरबर घ्या. पहिल्या रिकाम्या घरात १ मांडा. त्या ओळीत १ नाही, उभ्या ओळीत नाही, चौकोनातही नाही. चालला! आता शेजारचे घर. तेथे १ चालत नाही, कारण तो नुकताच ओळीत आला आहे. २ चालत नाही, कारण खाली उभ्या ओळीत २ आहे. ३ आणि ४ ओळीत आहेतच. अडलो की नाही?

आता पाचवी सूचना उपयोगी पडते. मागच्या घरावर परत या. १ पुसा आणि २ मांडा. २ चालतो. मग शेजारच्या घरात १ बसतो आणि तिसऱ्या ओळीतील रिकाम्या घरातही १ बसतो. कोडे सुटले! एक पाऊल मागे आलो, म्हणून पुढची वाट सापडली. ली यांचा प्रोग्रॅमही असाच, अडला की मागे येऊन दुसरा अंक मांडून पाहत असे.

मात्र त्यांनी त्यात आणखी एक युक्ती केली होती. ज्या घरात बसू शकणारे अंक सर्वांत कमी, ते घर आधी घ्यायचे. आपल्या कोड्यात ही युक्ती करून पाहा. पहिल्या ओळीतील दुसऱ्या घरात फक्त १ बसू शकतो. तो आधी भरला, तर पहिल्या घरात २ च उरतो. एकदाही मागे यावे लागत नाही! काम तेच, पण विचार करून क्रम बदलला की मेहनत किती वाचते, पाहिलेत ना?

आता समजा, तिसरी सूचना लिहिताना आपण 'उभ्या ओळीत' हे शब्द विसरलो. काय होईल? संगणक थांबणार नाही, कुरकुरणार नाही. तो पहिल्या ओळीत १ आणि २ भरील, तिसऱ्या ओळीत १ भरील आणि काम झाले म्हणून सांगेल. पण पहिल्या उभ्या ओळीत १ दोनदा आलेला असेल आणि दुसरीत २ दोनदा! उत्तर चुकले, तरी संगणकाला त्याचा पत्ताही नसेल. चूक त्याची नव्हे, सूचना लिहिणाऱ्याची आहे. प्रोग्रॅममधील अशा चुकीला 'बग' म्हणतात.

कोड्यात चूक झाली तर फारसे बिघडत नाही. पण औषधाची मात्रा सांगणाऱ्या किंवा आगगाडीला सिग्नल देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोनच शब्द राहून गेले तर? म्हणून प्रोग्रॅम लिहून झाला की तो वेगवेगळी माहिती देऊन पुन्हा पुन्हा तपासतात आणि दुसऱ्यांकडूनही तपासून घेतात. स्वतःची चूक स्वतःला चटकन दिसत नाही, हा तर तुमचाही शुद्धलेखनाचा अनुभव असेल.

ली यांनीही तेच केले. मे २०१५ मध्ये त्यांनी आपला संपूर्ण प्रोग्रॅम फेसबुकवर सर्वांसाठी खुला केला आणि काही चूक सापडली तर मला कळवा, अशी लोकांना विनंती केली. देशाचा पंतप्रधान लोकांना म्हणतो, माझे काम तपासा! मग कितीतरी लोकांनी तो प्रोग्रॅम वाचला आणि आपापली मते कळवली.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, सिंगापूरच्या शाळांत मुलांसाठी 'कोड फॉर फन' नावाचा उपक्रम सुरू झाला होता. २०२० पासून तो प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील सर्व मुलांसाठी ठेवण्यात आला. म्हणजे तुमच्याच वयाची मुले तेथे प्रोग्रॅम लिहायला शिकली.

तुम्हीही सुरुवात करू शकता. त्यासाठी लगेच संगणक हवाच असे नाही. वर्गाच्या दारापासून तुमच्या जागेपर्यंत येण्याच्या सूचना कागदावर लिहा. किती पावले पुढे, कोठे वळायचे, वाटेत बाक आला तर काय करायचे, सगळे लिहा. मग तो कागद मित्राच्या हाती द्या आणि त्याला सांगा, "यात लिहिले आहे तेवढेच कर."

तो भिंतीला धडकला, तर त्याला हसू नका. कागद परत घ्या आणि कोणती सूचना राहून गेली ते शोधा.