पहिल्यावरून एकदम चौथा

मोटारींच्या माहितीपुस्तिका वाचण्याचा मला जुना नाद आहे. मोटार बाळगण्यापेक्षा हा छंद स्वस्त पडतो, आणि कारखानदाराच्या मनातील ज्या गोष्टी जाहिरातीत कधी येत नाहीत त्या पुस्तिकेच्या बारीक अक्षरांत हटकून सापडतात. शेव्हरोले कंपनीच्या पाचव्या पिढीतील ‘कॉर्व्हेट’ या स्पोर्ट्स कारच्या पुस्तिकेतले असेच एक पान माझ्या मनात घर करून बसले आहे. इंजिन पुरेसे तापले असेल, वेग ताशी १५ ते १९ मैलांच्या दरम्यान असेल आणि ॲक्सिलरेटर २१ टक्के वा त्याहून कमी दाबलेला असेल, तर पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाण्यास मनाई आहे, थेट चौथाच टाकावा. तो टाकून झाल्यावर वाटल्यास खालच्या गिअरवर येण्यास मुभा आहे, असा त्या पानाचा हुकूम. कारण दिले आहे इंधनाच्या काटकसरीचे. साडेतीनशेच्या घरातील अश्वशक्ती विकणाऱ्यास ही विरक्ती कोठून सुचली, याचे उत्तर गिअरपेटीत नसून वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरात आहे.

१९७३ च्या तेलटंचाईने हादरलेल्या अमेरिकन काँग्रेसने १९७५ साली कंपन्यांवर सरासरी मायलेजचे बंधन घातले आणि १९७८ च्या कायद्याने इंधनखाऊ मोटारींवर स्वतंत्र कर बसवला. त्याची मर्यादा पुढे गॅलनला २२.५ मैलांवर स्थिरावली आणि १९९१ पासून दर दुप्पट झाले. हे मायलेज मोजले जाते ते प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर उभ्या केलेल्या मोटारीकडून. लॉस एंजेलिसच्या रहदारीवरून बेतलेला, सरासरी ताशी १९.६ मैलांचा, पुनःपुन्हा थांबणारा आणि दर वेळी सौम्यपणे निघणारा एक शहरी प्रवास तिच्याकडून करून घेतात, आणि करासाठी काढायच्या सरासरीत या शहरी भागाचे वजन ५५ टक्के धरतात. पुस्तिकेतील त्या तीन अटी या प्रवासाच्या शेजारी ठेवून पाहाव्या, म्हणजे त्या कोणाच्या मापाने शिवल्या आहेत हे निराळे सांगावे लागत नाही.

याआधीचा इतिहास अधिक मनोरंजक आहे. १९८४ ते १९८८ या काळात कॉर्व्हेटच्या आधीच्या पिढीत, ड्रॅग शर्यतींत नाव कमावलेल्या डग नॅश यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘४+३’ पेटी मिळत असे : चार गिअर चालकाच्या हातातले, आणि वरच्या तिहींना संगणकाच्या मर्जीने जोडला जाणारा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पेट्रोल वाचवणारा जादा टप्पा. तो नको असल्यास बंद करण्याचे बटण मात्र चालकापाशी होते. १९८९ साली जर्मनीच्या झेडएफ कंपनीची सहा गिअरांची पेटी आली, तिच्याबरोबर दुसरा गिअर आपोआप रोखणारा हा अडसर आला, आणि त्याला बटण ठेवले नाही. माझ्या मते या बटणाच्या अभावातच साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. कारण इशाऱ्याचा दिवा चालकाला दुर्लक्षिता येतो, अडसराचे तसे नाही, आणि रुळांवरील चालकालाही मग त्याच वाटेने जावे लागते.

जे बटण कंपनीने दिले नाही ते मालकांनी स्वतः मिळवले. दुसऱ्या गिअरची वाट अडवणारी खुंटी सोलेनॉइड नावाचा एक विद्युतचुंबक पुढे ढकलतो. त्याची तार नुसती काढली तर नंतरच्या गाड्यांचा संगणक ती गैरहजेरी हेरतो आणि इंजिनाचा दिवा लावतो. या दोषासाठी ‘पी०८०३’ हा अधिकृत संकेतांकही मुक्रर आहे. म्हणून त्या तारेच्या टोकाला रेझिस्टर असलेला एक बोटभर प्लग बसवायचा, की सोलेनॉइड जागेवर आहे अशी संगणकाची खात्री पटते आणि दुसरा गिअर मोकळा होतो. ज्यांना इतकीही खटपट नको ते ॲक्सिलरेटर थोडा अधिक दाबतात किंवा वेग १९ मैलांपलीकडे नेऊन मगच गिअर बदलतात. म्हणजे काटकसरीसाठी घातलेला अडसर चुकवण्याचा सर्वांत सोपा उपाय अधिक पेट्रोल जाळणे हाच ठरतो.

परीक्षेपुरती सचोटी दाखवणाऱ्या कारखानदाराला दोष देणे सोपे आहे; पण ज्या करातून पिकअप आणि एसयूव्ही ही मोठी जमात वगळलेली आहे आणि जो मोटार विकली जाताना एकदाच द्यावा लागतो, तिने पुढे किती पेट्रोल जाळले याची ज्याला दादही नाही, त्याच्याकडून याहून निराळे फळ येण्याचा संभव नव्हता. सरकारला खरोखर पेट्रोल वाचवायचे असेल तर त्याने कर पेट्रोलवर बसवावा आणि गिअर चालकाच्या हाती सोडावेत.