किट्टेलांच्या गावचे चर्च

आमच्या सीमाभागातल्या बऱ्याच घरांत दोन कोश शेजारी शेजारी दिसतात. मराठीसाठी मोल्सवर्थ, कन्नडसाठी किट्टेल. वर्गात मी कधीतरी विचारतो, "किट्टेल मूळचे कुठले?" उत्तर हमखास येते, "धारवाडचे, सर!" धारवाडला त्यांच्या नावाचे कॉलेज आहे ना! पण त्यांचे मूळ गाव होते जर्मनीच्या वायव्य टोकाला, उत्तर समुद्राजवळ. रेस्टरहाफे हे ते चिमुकले खेडे. तिथल्या ल्यूथरपंथी चर्चचे पाळक म्हणजे किट्टेलांचे वडील. ७ एप्रिल १८३२ रोजी फर्डिनांड किट्टेल यांचा जन्म याच गावात झाला.

हा ईस्ट फ्रिजियाचा मुलूख, हॉलंडला लागून असलेला. जमीन सखल, समुद्राचा धाक कायमचा. १७१७ च्या नाताळातल्या महापुरात या किनाऱ्यावर हजारो माणसे बुडाली. म्हणून इथली जुनी चर्चे मातीचा भराव घालून केलेल्या उंचवट्यावर, जाड विटांच्या भिंतींची. रेस्टरहाफेचे चर्चही मध्ययुगातले, म्हणजे ल्यूथरच्याही आधीचे.

मला मात्र त्या भिंतींपेक्षा आत बोलल्या गेलेल्या भाषेची गोष्ट जवळची वाटते. या मुलखात घरोघरी 'प्लाट' ही बोली. सोळाव्या शतकात ल्यूथरचा विचार इकडे पोचला तो 'लोकांना कळेल त्या भाषेत उपासना' हे सांगत. १५३४ मध्ये प्लाटमधले संपूर्ण बायबलही छापून निघाले. पण पुढच्याच शतकात ल्यूथरपंथी चर्चमध्ये दक्षिणेकडची प्रमाण जर्मन स्थिरावली आणि शेजारच्या कॅल्व्हिनपंथी चर्चमध्ये डच. प्लाट उरली चुलीपाशी आणि गोठ्यात. लोकांच्या भाषेसाठी उभी राहिलेली चर्चेच लोकांच्या भाषेपासून दूर गेली!

अशा मुलखातला मुलगा १८५३ मध्ये बासेल मिशनतर्फे आपल्याकडे आला आणि कन्नड शिकला. सुमारे सत्तर हजार शब्दांचा त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये मंगळूरहून निघाला. त्यात जुन्या काव्यातल्या शब्दांच्या पंक्तीला बोलीतले शब्दही आहेत. तमिळ, तेलुगू, तुळूबरोबर मराठी रूपेही जागोजागी नोंदलेली आहेत. अक्का आणि अण्णा दोन्ही भाषांत नांदतात, हे आपल्याला कोशात पाहावे लागत नाही. पण एवढे नाते कोणीतरी कष्टाने मांडून ठेवले, याचे अप्रूप वाटतेच.

आणि प्लाट? विसाव्या शतकात आईवडिलांनीच 'शाळेत मागे पडतील' म्हणून मुलांशी ती बोलणे सोडले. १९९९ पासून तिला युरोपीय सनदेचे संरक्षण आहे आणि त्या भागातल्या चर्चमध्ये अधूनमधून प्लाटमध्ये उपासनाही होते. पण ती सहज बोलणारे आता बहुतेक पिकल्या केसांचे.

आपल्या घरांत आजी मराठीत रागावते, आजोबा कन्नडमध्ये समजावतात आणि नातवंडे इंग्रजीत उत्तर देतात. शाळेचा विचार आईबापांना करावाच लागतो, मलाही करावा लागला. पण आज रात्री जेवताना मुलांशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे काही शाळा ठरवत नाही. ते आपल्याच हातात आहे.