भाजीची गोडी कशी लागते

लहान मुले भाजी खात नाहीत ही तक्रार महाराष्ट्रातील बहुतेक घरांत ऐकू येते आणि तिचे खापर बहुधा मुलाच्या हट्टावर किंवा घरच्यांच्या लाडांवर फोडले जाते. परंतु गेल्या शतकभरात बालकांच्या आहारवर्तनाचा जो अभ्यास झाला आहे, तो पाहता ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी ठरतात. गोड चवीची ओढ मूल जन्मतःच घेऊन येते. नवजात अर्भकाच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवला तर त्याचा चेहरा सैलावतो व ते ओठ चोखू लागते, कडू द्रावणाचा थेंब ठेवला तर ते तोंड वाकडे करून जीभ बाहेर ढकलते, आणि हा भेद जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच दिसतो, हे जेकब स्टायनर या संशोधकाने १९७०च्या दशकात दाखवून दिले. निसर्गात गोड चव ही बहुधा ऊर्जा देणाऱ्या अन्नाची खूण असते, तर वनस्पतींमधील अनेक विषे कडू असतात, त्यामुळे हा उपजत कल मानवी बालकाच्या रक्षणासाठीच घडला असावा असे मानले जाते. भाज्यांमध्ये ऊर्जा कमी असते आणि कित्येक भाज्यांना कडवट, तुरट किंवा उग्र चव असते. म्हणजे केळे किंवा साखरभात खाण्यासाठी मुलाला काहीच शिकावे लागत नाही, पण मेथी खाण्यासाठी शिकावे लागते.

कडू चवीची जाणीवही सर्वांना सारखी नसते. फिनिलथायोकार्बामाइड नावाची भुकटी काहींना अत्यंत कडू लागते तर काहींना तिची चवच कळत नाही, हे आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या १९३१ साली ध्यानात आले आणि या फरकामागील मुख्य जनुक २००३ साली ओळखले गेले. कोबी, मुळा, मोहरीची पाने यांच्यातील काही गंधकयुक्त द्रव्ये याच स्वरूपाची कडवट चव देतात. तेव्हा एका भावंडाने आवडीने खाल्लेली कोबीची भाजी दुसऱ्याला खरोखरच कडू लागत असेल, ही शक्यता वडीलधाऱ्यांनी गृहीत धरलेली बरी. दुधी भोपळ्याच्या बाबतीत तर मुलाच्या जिभेवर विश्वास ठेवणे अगत्याचे आहे, कारण एखादा दुधी कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे विषारी होण्याइतका कडू निघू शकतो आणि तसा दुधी शिजवूनही खाण्याजोगा होत नाही. तो टाकूनच द्यावा.

या उपजत कलाच्या जोडीला वयाचा एक टप्पा येतो. वर्षभराचे असताना भोपळा, पालक, बीट सारे मुकाट्याने खाणारे मूल साधारण दोन वर्षांचे झाले की अचानक ‘नको’ म्हणू लागते आणि सहा वर्षांपर्यंत हा नकार कमीअधिक टिकतो. आहारमानसशास्त्रात याला ‘फूड निओफोबिया’, म्हणजे नव्या अन्नाविषयीची भीती, असे म्हणतात. मूल चालू लागते, स्वतः वस्तू उचलून तोंडात घालू लागते, त्याच सुमारास अनोळखी पदार्थाविषयी त्याच्या मनात सावधपणा उत्पन्न होतो आणि रंगात, आकारात किंवा वासात झालेला लहानसा बदलही त्याला पदार्थ परका वाटायला पुरेसा होतो. म्हणूनच वरणात एरवी न दिसणारे कोथिंबिरीचे पान बोटाने बाजूला काढले जाते. हा विकासाचा सर्वसामान्य भाग आहे. त्याला शिस्तीचा प्रश्न मानले की घराघरांतून दिसणारा जेवणाच्या वेळचा संघर्ष सुरू होतो.

या भीतीवर ओळखीइतका खात्रीचा उपाय दुसरा सापडलेला नाही, आणि ही ओळख जन्मापूर्वीच सुरू होऊ शकते. फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेत ज्युली मेनेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही स्त्रियांनी गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत, तर काहींनी स्तनपानाच्या काळात नियमितपणे गाजराचा रस घेतला. पुढे त्यांच्या बाळांना गाजराच्या चवीची पेज दिली तेव्हा, ज्यांच्या मातांनी तो रस घेतला नव्हता त्या बाळांच्या तुलनेत, त्यांच्या चेहऱ्यावर नापसंतीच्या खुणा कमी उमटल्या. आईच्या आहारातील चवी गर्भजलात आणि दुधात उतरतात, असा याचा अर्थ आहे. महाराष्ट्रात बाळंतिणीला शेपू व मेथी आवर्जून देण्याची रीत या दृष्टीने मोलाची आहे, मात्र त्याच बाळंतिणीला कोबी, फ्लॉवर, वांगे अशा अनेक भाज्या ‘वातूळ’ म्हणून महिनोन्‌महिने वर्ज्य केल्या जातात आणि त्यामुळे बाळाला मिळणाऱ्या चवींचा परिघ विनाकारण आक्रसतो.

बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि महाराष्ट्रातील उष्टावणाचा विधीही बहुधा याच सुमारास होतो. उष्टावणाला खीर चाटवली जाते, त्यानंतर मऊ भात, वरण व तूप येते, आणि अनेक घरांत हाच गोडसर व मऊ आहार वर्षभर चालू राहतो. सहा ते बारा महिन्यांच्या या काळात मूल नव्या चवी सर्वांत सहज स्वीकारते, हे ध्यानात घेतले तर त्याच मऊ भातात एके दिवशी शिजवून कुस्करलेला तांबडा भोपळा, दुसऱ्या दिवशी पालक, तिसऱ्या दिवशी दोडका असा पालट करण्याला किती महत्त्व आहे ते कळते. युरोपात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाळाने तोंड फिरवलेली भाजी मातांना दिवसाआड आठ वेळा पुन्हा द्यायला सांगितले असता सत्तर टक्क्यांहून अधिक बाळे ती भाजी त्यांच्या आवडत्या भाजीइतकीच खाऊ लागली. घरी मात्र बहुधा दोन-तीन नकारांनंतर ‘याला नाही आवडत’ असा शिक्का बसतो आणि ती भाजी त्या मुलापुरती संपते.

मोठ्या मुलांना अधिक वेळा चव द्यावी लागते, साधारण दहा ते पंधरा वेळा, आणि कधी त्याहूनही जास्त. लंडनमध्ये जेन वॉर्डल यांच्या गटाने दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांना एक नावडती भाजी सलग चौदा दिवस, रोज अगदी थोडी, चाखायला देण्यास सांगितले. त्या मुलांची त्या भाजीविषयीची पसंती आणि तिचे खाण्यातले प्रमाण दोन्ही वाढले, तर भाजीच्या पोषणमूल्याची केवळ माहिती मिळालेल्या पालकांच्या मुलांत असा लक्षणीय बदल दिसला नाही. येथे ‘थोडी’ हा शब्द कळीचा आहे. गवारीची एक शेंग किंवा तोंडलीची एक चकती पानात वाढली जावी, मुलाने ती चाटून टाकली तरी चालावे, आणि त्यावर कोणी भाष्य करू नये.

सक्ती आणि लालूच हे दोन मार्ग घरोघरी सर्वाधिक वापरले जातात, आणि दोन्ही उलटतात. अमेरिकी संशोधक लीन बर्च यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एक पेय प्यायल्यावर बक्षीस मिळेल असे सांगितलेल्या मुलांची त्या पेयाविषयीची आवड प्रयोगानंतर घटली होती. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ या सौद्यातून मूल एवढेच शिकते की भाजी ही सोसण्याची गोष्ट आहे आणि चॉकलेट ही मिळवण्याची. चाखण्यापुरते बक्षीस द्यायचेच असेल तर ते खाऊचे नसावे. ब्रिटनमधील अभ्यासांत एक घास चाखल्याबद्दल दिलेल्या चिकटचित्रासारख्या क्षुल्लक बक्षिसाने आवड घटल्याचे आढळले नाही. मोबाइलवर चित्रफीत लावून घास भरवण्याची अलीकडची रीत तर अधिकच घातक आहे, कारण त्या वेळी मुलाचे लक्ष ना चवीकडे असते, ना पोट भरल्याच्या जाणिवेकडे, आणि ज्या चवीकडे लक्षच गेले नाही तिची ओळख होणार नाही. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेली जबाबदारीची विभागणी अशा वेळी उपयोगी पडते: काय, केव्हा व कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, त्यातले खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. ‘पानात टाकायचे नाही’ या संस्काराशी याचा विरोध नाही. मुळातच कमी वाढले तर टाकण्याची वेळ येत नाही.

मुलाला जेवताना भूक असणे ही या विभागणीची पूर्वअट आहे. शाळेतून आल्यावर बिस्किटे, फरसाण आणि मोठा पेलाभर दूध घेतलेल्या मुलाने तासाभरात दोडका खावा ही अपेक्षा अवास्तव आहे. पोळ्या होईपर्यंत भुकेल्या मुलापुढे काकडीच्या फोडी, उकडलेल्या बिटाच्या चकत्या किंवा वाफवलेली फरसबी ठेवली तर ती बरीच संपते, कारण त्या क्षणी तिच्याशी स्पर्धा करणारे दुसरे काही समोर नसते. मात्र चार वर्षांखालील मुलांना कच्चे गाजर किसूनच द्यावे, त्याचे तुकडे घशात अडकण्याचा धोका असतो.

चव घडवण्याच्या बाबतीत मराठी स्वयंपाकाकडे जे ज्ञान आहे त्याचा विसर पडू देणे हा मोठा तोटा ठरेल. कारल्याला मीठ चोळून पिळून घेण्याने कडू रस निघून जातो हे सर्वज्ञात आहे, पण मिठाचा त्याखेरीज आणखी एक परिणाम असतो: मिठातील सोडियम जिभेवरची कडू चवीची जाणीवच दाबते, हे पॉल ब्रेस्लिन व गॅरी बोशँप यांनी १९९७ साली दाखवले. त्यात चिंच-गुळाची भर पडली की उरलेला कडवटपणा मागे हटतो. शेंगदाण्याचा कूट, ओले खोबरे, पेरलेले बेसन यांमुळे ओळखीची आणि पोट भरणारी चव अनोळखी भाजीला जोडली जाते, आणि अशा जोडणीतून मूल हळूहळू त्या भाजीलाच पसंत करू लागते. पुढे कूट आणि गूळ कमी करता येतात. भेंडीच्या बुळबुळीतपणावर आमसूल किंवा ताक, अळूतील खाजऱ्या स्फटिकांवर चिंच किंवा आंबट चुका, हे उपायही याच परंपरेतले आहेत. फोडणीतील तेलामुळे गाजर, भोपळा व पालेभाज्यांतील बीटा-कॅरोटिन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते रंगद्रव्य, शोषले जाण्यास मदत होते, तर वरून पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील लोह अधिक प्रमाणात अंगी लागते.

एका बाबतीत मात्र घरच्या सवयी तपासायला हव्यात. भाजी गळेपर्यंत शिजवण्याची पद्धत मुलांच्या नावडीत भर घालते. कोबी व फ्लॉवर जितके अधिक वेळ शिजतात तितकी त्यांतून उग्र वासाची गंधकयुक्त द्रव्ये अधिक सुटतात, आणि ज्या मुलाला वासानेच नकोसे होते त्याच्यापुढे डब्यात चार तास कोंडलेली कोबीची भाजी ठेवण्यात अर्थ नाही. तीच कोबी बारीक चिरून, लिंबू व दाण्याचा कूट घालून केलेल्या कोशिंबिरीत वेगळीच लागते. किंचित कुरकुरीत राहिलेली भाजी अनेक मुलांना लगद्यापेक्षा पसंत पडते.

भाजी लपवून घालण्याचा मार्ग अनेकांना सोपा वाटतो. पालकाचा रस कणकेत, बीट इडलीत, दुधी कोफ्त्यात, अशाने पोटात भाजी जाते हे खरे, आणि तेवढ्यापुरता तो उपयोगीही आहे. परंतु जी भाजी मुलाला दिसत नाही तिच्याशी त्याची ओळख होत नाही. थालीपीठ, कोथिंबीर वडी, अळूवडी किंवा भोपळ्याचे घारगे हे पदार्थ या दृष्टीने अधिक प्रामाणिक आहेत, कारण त्यांच्या नावात नाहीतर रंगात भाजी उघडपणे उपस्थित असते.

प्रमाणाबद्दलही घरात मोठा गैरसमज असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांनी भाज्या व फळे मिळून दिवसाला किमान २५० ग्रॅम, सहा ते नऊ वर्षांच्या मुलांनी ३५० ग्रॅम आणि त्यापुढच्यांनी ४०० ग्रॅम खावीत. बटाट्यासारखी पिष्टमय कंदमुळे या हिशेबात धरली जात नाहीत. डब्यात रोज बटाट्याची काचऱ्यांची भाजी नेणारे मूल ‘भाजी खाते’ असे म्हणणे, म्हणूनच, दिशाभूल करणारे आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी ५० आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७५ ग्रॅम भाजी ठरवून दिलेली आहे, तेव्हा उरलेला मोठा वाटा घरच्या दोन जेवणांवर येतो.

शाळेतली पंगत आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. बर्च यांनीच १९८० साली केलेल्या अभ्यासात, स्वतःला नावडणारी भाजी आवडीने घेणाऱ्या सवंगड्यांसोबत बसवलेली लहान मुले काही दिवसांतच ती भाजी निवडू लागली होती. घरी हे काम मोठ्यांना करावे लागते. वडील कारल्याला नाक मुरडत असतील तर मुलाला केलेला उपदेश वाया जातो. उलट सर्वांनी एकत्र बसून तीच भाजी, वेगळ्या ‘मुलांच्या भाजी’शिवाय, चवीने खाल्ली की मुलाला सांगण्याजोगे फारसे उरत नाही. मटार सोलणे, मेथी निवडणे, आठवडी बाजारात वांगी पारखणे या कामांत मुलांना घेतले तर भाजीचा वास आणि स्पर्श खाण्याआधीच ओळखीचा होतो. भोगीची मिसळीची भाजी, ऋषिपंचमीची ऋषीची भाजी, पावसाळ्यातील टाकळा व करटोली किंवा गोव्यातील खतखते अशा ऋतूला बांधलेल्या भाज्या वर्षातून एकदाच चाखून मुलाला आवडतीलच असे नाही, पण त्या कधी येतात आणि घरात त्यांची वाट का पाहिली जाते, हे त्याच्या लक्षात राहते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला आहे, म्हणून भाजीचा विषय निव्वळ आवडीनिवडीचा राहत नाही. मात्र रक्तक्षय जडलेल्या मुलाला केवळ पालकाची भाजी वाढवून भागत नाही, त्याला वैद्यकीय सल्ल्याने लोहाचे औषध द्यावे लागते. त्याचप्रमाणे मुलाचे वजन वाढत नसेल, गिळताना ते वारंवार ठसकत असेल, किंवा मोजके चार-पाच पदार्थ सोडून मऊ अथवा कुरकुरीत असा अन्नाचा पूर्ण प्रकारच ते नाकारत असेल, तर तो नेहमीचा नकार समजून वाट पाहत राहू नये आणि बालरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. इतर मुलांच्या बाबतीत, आज परत आलेली तोंडलीची चकती आठवडाभराने पुन्हा वाढायची असते.