करवतीच्या पाठीशी

बुलढाणा जिल्ह्यातला सुतार टेबल सॉ सहसा विकत आणत नाही, तो घरीच उभा करतो. बारा मिलिमीटर प्लायचा तुकडा, त्याला मधोमध एक फट, आणि फरशी कापायचा चार इंची मार्बल कटर खालून उलटा कसलेला. खाली दोन घोड्या. बटण दाबलेलं राहावं म्हणून कटरला खिटी असतेच. ती तुटली की चिकटपट्टी. चालू-बंद थेट भिंतीवरच्या बोर्डावरून. झाला ‘टेबल कटर’.

घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा. घाटाखाली खामगाव, नांदुरा, मलकापूर. घाट उतरला की बोली बदलते, भाकरीचं पीठ बदलतं, हा कटर मात्र तोच. दुकान जरा मोठं असेल तर बिडाचं रंधा मशीन दिसतं. एकाच शाफ्टवर मधे रंध्याचा रूळ, टोकाला बारा इंची गोल करवत, खाली दोन-तीन हॉर्सपॉवरची मोटर आणि पट्टा. चौकटी, दिवाण, देव्हारे, पाट, चौरंग सगळं या दोहोंतून निघतं. आणि दोहोंतही बहुतेक वेळा एकच गोष्ट नसते: ब्लेडच्या मागे उभी असायला हवी ती पातळ पोलादी पट्टी. हा लेख मुख्यतः त्या पट्टीबद्दल आहे.

पूर्वी इथला सुतार घरं कमी आणि शेती जास्त घडवायचा. तिफण, वखर, डवरा, जू, बैलगाडीचं चाक. त्यासाठी बांधावरची बाभूळ पुरे, आणि हत्यारं म्हणजे वाकस, पटाशी, सामता, रंधा आणि करवत. औतं लोखंडाची झाली, गाडीला टायर आले, आणि सुतार शिवारातून उठून रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आला. सागवान मेळघाटातून परतवाड्याच्या बाजारात उतरतं आणि तिथून इकडे येतं. वखारीत त्याला अजून ‘सीपी सागवान’ म्हणतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. तो प्रांत नकाशावरून कधीच पुसला गेला, लाकडाच्या भावात टिकून आहे.

ओंडका चिरायचा तो आरागिरणीत, पट्ट्याच्या करवतीवर. गोल करवत तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, पट्ट्याची त्याच्या निम्म्यात भागवते. सागवानाच्या भावात हा फरक गिरणीवाल्याला परवडत नाही. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये जंगलतोडीला लगाम घातला, आणि ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने नव्या आरागिरण्यांची वाटही अरुंद केली. सुताराच्या दुकानात येते ती गिरणीतून निघालेली फळी. तिची पट्टी पाडायची, कड सरळ करायची, हे काम गोल करवतीचं. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत मंडपासाठी उंच लाकडी लाटा उभ्या करतात. त्या पाहून वाटतं, एवढं लाकूड दोराने आणि खांद्याने सांभाळणाऱ्या मुलखाला करवतीवरच्या दोन इंची फळीने जखमी व्हावं, हे विचित्रच.

आता थोडा हिशेब. मोटर मिनिटाला १,४४० फेरे फिरते. तिची पुली सहा इंची आणि शाफ्टची तीन इंची असेल तर करवत २,८८० फेरे फिरते. बारा इंची ब्लेडच्या दातांचा वेग होतो ताशी १६५ किलोमीटर. उलटा टांगलेला मार्बल कटर दिसायला लहान, पण मिनिटाला बारा हजार फेरे. ११० मिलिमीटरच्या ब्लेडचे दात ताशी अडीचशे किलोमीटरने धावतात. दचकून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात या ब्लेडच्या चाळीस फेऱ्या झालेल्या असतात. ‘मी सावध असतो’ या वाक्याला इथे काही अर्थ उरत नाही.

खामगावच्या एका दुकानात मागच्या पत्र्याला लांबट पोचा पाहिला. काय झालं म्हणून विचारलं, तर वयस्क सुतार काकांनी हातातली पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, “करवत सांगून कापते, भाऊ. लाकूड सांगत नाई.”

याहून नेमकं सांगता येणार नाही. ब्लेडचे पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात, म्हणून पुढून सगळं शांत वाटतं. मागचे दात मात्र टेबलातून वर येत असतात. फळी सरळ पुढे सरकते आहे आणि चीर उघडी आहे तोवर ते हवेत फिरतात. पण बाभळीच्या किंवा नीट न सुकलेल्या सागवानाच्या पोटात ताण असतो. चिरल्यावर दोन फाका एकमेकींकडे झुकतात आणि चीर मागून मिटते. किंवा गाइड, म्हणजे फळी टेकवायची सरळ पट्टी, मागच्या टोकाला ब्लेडकडे केसभर आत आलेली असते आणि फळी चेपत जाते. दोन्हींत शेवट एकच. मागचे दात फळीला धरतात, उचलतात आणि ब्लेडच्या माथ्यावरून माणसाकडे फेकतात. पोटात, मांडीत, छातीत. आणि फळीवर दाबून धरलेला हात, फळी अचानक निसटल्यामुळे, जाईल तिकडे जातो. बोटं जातात ती बरेचदा अशी. ब्लेडला हात लावायला कुणी गेलेलं नसतं.

पाठपट्टी (मी तिला असं म्हणतो) काही विशेष करत नाही. ती ब्लेडच्या मागे, त्याच रेषेत, दातांपासून पाच-सात मिलिमीटरवर उभी राहते आणि चीर मिटू देत नाही. जाडी मात्र नेमकी हवी: ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त, दातांच्या रुंदीपेक्षा कमी. बारा इंची ब्लेडचे दात ३.२ मिलिमीटर आणि पत्रा २.२ असेल तर पट्टी अडीच ते पावणेतीन. चार इंची टेबल कटरमध्ये प्लायच्या फटीतच, ब्लेडच्या मागे, दीड मिलिमीटरची पोलादी पट्टी पक्की ठोकून काम भागतं. जाड पट्टी लावली तर फळी अडकते, मग सुतार वैतागून ती काढून टाकतो आणि ‘त्या पट्टीचा काही उपयोग नाही’ असं सगळ्या आळीला सांगतो.

आपल्या कायद्याला हे नवं नाही. १९६३ च्या महाराष्ट्र कारखाने नियमांतच गोल करवतीमागे अशी पट्टी, वरून झाकण, टेबलाखाली दोन्ही बाजूंनी आडोसा आणि फळी ढकलायला काठी हे सगळं लिहून ठेवलं आहे. फक्त ते कारखान्यांना. दोन माणसांचं सुताराचं दुकान कायद्याच्या लेखी कारखाना नाही, आणि तुमच्या गच्चीवर तीन दिवसांसाठी मांडलेला टेबल कटर तर नाहीच नाही.

करवत लावायची कशी, याला महागडं मापयंत्र लागत नाही. आधी प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, पिन हातात हवी. एका दातावर पेनने खूण करायची. तो दात पुढे आणून गाइडपर्यंतचं अंतर मोजायचं, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्यायचा आणि पुन्हा मोजायचं. एकच दात, कारण ब्लेड जरासं डुलत असलं तरी माप खोटं पडत नाही. दोन्ही मापं सारखी हवीत. मागचं वहीच्या कागदाइतकं जास्त चालेल, कमी अजिबात नाही. मग गुण्या ब्लेडला लावायचा, दातांना नव्हे, पत्र्याला. गुण्यावर भरवसा नसेल तर फळी आडवी कापून एक तुकडा उलटा करायचा आणि दोन्ही तुकडे सपाट टेबलावर कडेला कड लावायचे. फट दिसली तर चूक आहे, आणि दिसते त्याच्या निम्मी आहे.

ब्लेड फळीच्या वर दातभर काढायचं, सहा मिलिमीटरच्या आत. चार इंची ब्लेडला हा प्रश्न उलटा पडतो. कटर मुळात तीसेक मिलिमीटर कापतो, त्यातले बारा टेबलाच्या प्लायनेच खाल्ले. म्हणून जाड फळी एकीकडून कापून उलटी करतात आणि दुसरीकडून कापतात. दुसऱ्या कापाला आधीची चीर आधीच पोकळ असते, ती तिथेच मिटते. जाड लाकूड या यंत्रावर कापूच नये, हे माझं मत. त्याला बारा इंची करवत आहे.

उभं राहायचं ब्लेडच्या रेषेबाहेर, एका बाजूला. शेवटची वीतभर फळी काठीने ढकलायची. गाइडला टेकवून फळी आडवी कापायची नाही; तुकडा गाइड आणि ब्लेडमध्ये अडकला की गोफणीतला दगड. हातमोजे नकोत, धागा ओढला की हात ओढला जातो. गमछा गळ्यातून काढून खुंटीला. चष्मा आणि तोंडाला फडकं मात्र हवं: लाकडाच्या बारीक भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारकांत घातलं आहे.

आता एक गोष्ट अशी, जी परदेशी पुस्तकांत तळटिपेत असेल पण आपल्याकडे पहिल्या पानावर हवी. वीज जाते. अर्ध्या कापात वीज गेली, करवत थांबली, सुतार फळी तशीच ठेवून चहाला गेला. खिटी अडकवलेली, भिंतीवरचं बटण चालूच. वीज आली की करवत आपणहून सुरू, ब्लेड फळीत रुतलेलं, आणि कदाचित कुणाचं पोर टेबलाशी उभं. याचा उपाय वऱ्हाडातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर. हिरवं बटण, लाल बटण. आत एक कॉइल असते. वीज गेली की तिची पकड सुटते आणि वीज परतली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. तोच स्टार्टर, सिंगल फेजचा, रिलेचा अँपिअर यंत्राशी जुळवून, वायरमनकडून करवतीला लावून घ्यायचा. गंमत अशी की रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी शेतकरी त्याच स्टार्टरला ‘ऑटो स्विच’ जोडून ही सोय मोडून काढतो. विहिरीवर त्याची अडचण समजते. करवतीला ऑटो स्विच म्हणजे खून करायची तयारी.

विजेचाच दुसरा जाच कमी दाबाचा. करवत मधेच रडते, फळी अडते. लोक म्हणतात मोटर गेली. आधी वायर पाहावी. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर तीस मीटर ओढली तर जाऊन-येऊन साठ मीटर, म्हणजे एक ओहमच्या वर रोध. दहा अँपिअरला अकरा व्होल्ट वाटेतच गळतात. सुरू होताना मोटर पाचपट ओढते तेव्हा पन्नासच्या वर. अडीच चौरस मिलिमीटरची आखूड वायर घेतली की निम्मे ‘मोटरचे बिघाड’ मिटतात. उरलेल्यांत पट्टा सैल असतो, किंवा मार्बल कटरचे कार्बन झिजलेले असतात. हे यंत्र उलटं टांगलं की भुसा थेट मोटरच्या जाळीत जातो. रोज संध्याकाळी फुंकून काढलं नाही तर ते जळणारच.

फळीच्या कडेवर काळपट डाग दिसले तर ब्लेड बोथट झालं म्हणून लगेच दुकान गाठू नये. सागवानाचं तेल आणि राळ दातांवर बसलेली असते. रॉकेल लावून ब्रशने घासलं की दात पुन्हा दिसतात. तरी डाग राहिले तर गाइड मागून चेपतं आहे, वर सांगितलेलं माप पुन्हा घ्या. सागवानात सिलिका असते, म्हणून त्याच्या कामाला टंगस्टन कार्बाइडच्या दातांचंच ब्लेड. उभ्या कापाला कमी दात, चोवीसच्या आसपास, प्लाय आणि सनमायकाला साठ ते ऐंशी. ब्लेडवर छापलेले कमाल फेरे यंत्राच्या फेऱ्यांहून जास्त आहेत ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि लाकडाचं ब्लेड ग्राइंडरला लावणाऱ्याशी वाद घालू नये, प्लग काढून घ्यावा.

फळी मधेच घट्ट अडकली तर? मागे ओढायची नाही. फळी तशीच धरून यंत्र बंद करायचं, ब्लेड पूर्ण थांबू द्यायचं, चिरेत पाचर सारायची, मग काढायची. बंद करायला एक हात मोकळा मिळत नाही, म्हणून लाल बटण मांडीने दाबता येईल अशा उंचीवर हवं.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या, पदार्थविज्ञान शिकलेल्या पेटंट वकिलाने १९९९ मध्ये यावर वेगळाच विचार केला. माणसाचं शरीर वीज वाहून नेतं, कोरडं लाकूड नाही. ब्लेडवर सूक्ष्म विद्युत संकेत ठेवला, आणि बोट टेकताच ॲल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसून ते सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबतं. त्याने आधी सॉसेजवर दाखवलं, मग स्वतःच्या बोटावर. तिथे दरवर्षी टेबल सॉच्या तीस हजारांहून अधिक जखमींना इस्पितळात न्यावं लागतं, हे लक्षात घेतलं तर हा खटाटोप कळतो. पण त्या यंत्राची किंमत आणि दर वेळी बदलायचा ठोकळा चिखलीच्या शेडमध्ये परवडणारा नाही. आपल्याला परवडते ती पट्टी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतार आहे आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आहेत. त्यातून आणखी एक कटर घेण्याआधी स्टार्टर घ्यावा.

बोट तुटलंच तर तुकडा शोधायचा. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बंद करून ती बर्फात; बोट थेट बर्फावर कधीच नाही. जखम कापडाने दाबून हात वर धरायचा आणि १०८ ला फोन. थंड ठेवलेलं बोट बऱ्याच तासांनीही जोडता येतं.

तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी सुतारकाम निघतं. टेबल कटर तुमच्या अंगणात मांडला जाईल, तुमच्या बोर्डावर चालेल. चहा देताना ब्लेडच्या मागे एकदा वाकून पाहा. पट्टी नसेल तर सुतारदादांना म्हणा, आजचा दिवस पट्टी, काठी आणि स्टार्टर लावण्यात जाऊ द्या. त्या दिवसाची मजुरी आणि सामानाचे पैसे तुम्ही द्या.