वाढत्या अंगाची मोटारसायकल

जून महिन्यात शाळेचा गणवेश घ्यायला गेले की आपल्याकडची आई दुकानदाराला हमखास सांगते, "जरा वाढत्या अंगाचा द्या हो." मग वर्षभर मूल त्या गणवेशात पोहत असते, आणि कापड अंगाला नीट बसू लागते तोवर कोपरावर विरलेले असते. बूट वाढत्या अंगाचे, रेनकोट वाढत्या अंगाचा, सायकलसुद्धा तशीच. मध्यमवर्गाच्या या शहाणपणावर माझा आजही विश्वास आहे. एका वस्तूच्या बाबतीत मात्र तो साफ उलटा पडतो, आणि ती वस्तू आमच्या घरात कधी काळी येईल असे कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

झाले असे की, जानेवारी 2024 मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसची शर्यत झाली. मैदानात मातीचे डोंगर रचलेले, त्यावरून मोटारसायकली दोन-तीन मजले उंच उडताहेत, खाली येऊन पुन्हा धावताहेत. माझी भाची ती पाहून आली आणि त्या दिवसापासून तिने घर डोक्यावर घेतले. वय वर्षे अकरा. त्या वर्षीच्या दिवाळीत बहिणीचा फोन आला, "दादा, तूच काहीतरी सांग हिला. नाहीतर ह्यांना सांग. हे तर गाडी बघूनसुद्धा आलेत!"

मेहुण्यांनी खरोखरच गाडी पाहून ठेवली होती. एकाची जुनी 112 सीसीची टू-स्ट्रोक डर्ट बाइक, म्हणजे केवळ मातीवर चालवायची मोटारसायकल, बऱ्या भावात मिळत होती. "पाय पोचत नाहीत अजून," ते म्हणाले, "पण दोन वर्षांत पोचतील. आता लहान घ्यायची आणि मग पुन्हा मोठी, असा दुहेरी खर्च कशाला?" थोडक्यात, वाढत्या अंगाची!

माझ्याकडे हे प्रकरण येण्याचे कारण माझ्या डाव्या खांद्यापाशी आहे. तिथले हाड नीट जुळलेले नाही, बोट फिरवले की अजून उंचवटा लागतो. कॉलेजच्या दिवसांत आम्ही मित्र गावाबाहेरच्या माळावर आरएक्स 100 पळवत असू. 98 सीसीच्या त्या गाडीला 11 अश्वशक्ती होती. त्याच काळात रस्त्यावर असलेल्या 100 सीसीच्या फोर-स्ट्रोक गाडीला साडेसातच्या आसपास. वजन शंभर किलोच्या आगेमागे. मडगार्ड काढायचे, दिवा काढायचा, मागे मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर चढवायचा, की झाली आमची डर्ट बाइक. एका मित्राने तर वेल्डिंगवाल्याकडून पोट फुगलेला सायलेन्सर बनवून घेतला होता. ती गाडी मी मागून घेतली, वळणावर मूठ पिळली. काहीच झाले नाही. म्हणून आणखी पिळली. आणि मग सगळे एकदम झाले. डोळे उघडले तेव्हा गाडी एकीकडे, मी बाभळीपाशी. दोष गाडीचा नव्हता, मित्राचाही नव्हता. तो सायलेन्सर काय करतो हे मला ठाऊक नव्हते, इतकेच.

ते पुढे समजून घेतले, आणि ते आईवडिलांनीही समजून घ्यावे असे मला वाटते. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोनदा खाली-वर झाला की एकदा ठिणगी पडते. टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला पडते. झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीला भोके पाडलेली असतात, त्यांना मेकॅनिक पोर्ट म्हणतात, आणि पिस्टनच जाता-येता ती उघडतो आणि झाकतो. त्यामुळे इंजिन हलके, सुटसुटीत आणि आकाराच्या मानाने ताकदवान. खोट एकच. जळालेला धूर बाहेर जात असतो तेव्हाच ताजे मिश्रण आत येत असते, आणि त्यातले थोडे धुराच्या मागोमाग निसटून जाते. रस्त्यावरच्या टू-स्ट्रोकना प्रदूषणाच्या नियमांनी घरी बसवले ते याचमुळे.

या निसटत्या मिश्रणाला परत आत ढकलण्याचे काम ते फुगलेले पोट करते. धुराचा धक्का नळीतून पुढे जातो, पोटाच्या पलीकडच्या निमुळत्या भागावर आपटून लाटेसारखा परत येतो आणि बाहेर पडू पाहणाऱ्या मिश्रणाला सिलिंडरमध्ये लोटतो. पण लाट वेळेवर परत यायला हवी. इंजिन ठरावीक वेगाने फिरत असतानाच ती वेळ साधते. त्याच्या खाली गाडी मेंगळट, आणि तो टप्पा गाठला की जणू कुणी मागून लाथ घातली. चालवणारे याला 'पॉवर बँड' म्हणतात. माझ्या खांद्याला तो चांगलाच परिचित आहे.

या पोटाची कहाणी एखाद्या हेरकथेला शोभेल अशी आहे. पूर्व जर्मनीत चोपाऊ नावाच्या गावी एमझेड या कंपनीचा कारखाना होता. तिथे वॉल्टर काडेन हा इंजिनिअर, ज्याने युद्धकाळात जर्मनीच्या उडत्या बॉम्बवर काम केले होते, तुटपुंज्या साधनांनिशी या लाटांचा अभ्यास करत बसलेला असे. 1961 मध्ये त्याच्या 125 सीसीच्या इंजिनाने 25 अश्वशक्ती दिली. लिटरमागे 200 हा आकडा सुपरचार्जर न लावता तोवर कुणी गाठला नव्हता. त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेगनर जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनच्या शर्यतीनंतर डेगनर परत गेलाच नाही. बायको आणि दोन मुले मोटारीच्या डिकीत लपून पश्चिमेकडे निसटली. डेगनर सुझुकीकडे गेला तो काडेनची विद्या बरोबर घेऊन, आणि 1962 मध्ये 50 सीसीचे जगज्जेतेपद त्याने सुझुकीला मिळवून दिले. पुढे जपानच्या सगळ्याच कारखान्यांतून ही विद्या पसरली. आज लहान मुलांच्या टू-स्ट्रोक डर्ट बाइकला जी फुगीर नळी दिसते, तिच्या वंशावळीत ही डिकी आहे! काडेन बिचारा चोपाऊतच राहिला.

असो. आमच्यापुढे प्रश्न होता तो भाचीचा. आम्ही चौघे पुण्याच्या बाहेर एका प्रशिक्षणाच्या मैदानावर गेलो. मेहुण्यांनी टेम्पोतून ती 112 सुद्धा आणवली होती, सौदा तिथेच उरकायच्या तयारीने. शिकवणारा तरुण तिशीतला, बोलायला कमी. त्याने गाडी पाहिली, भाचीला पाहिले, आणि गाडी अलगद मातीवर आडवी केली. म्हणाला, "उचल बेटा."

भाचीने ओढले, ढकलले, लाल झाली. गाडी हलेना. सत्तर किलोंच्या वर वजन. मग त्याने शेडमधून मैदानाची 65 सीसी आणली, तीही आडवी केली. दोन प्रयत्न फसले. तिसऱ्यांदा तिने गुडघा खाली लावला, हँडल धरले आणि गाडी उभी केली. "साहेब," तो मेहुण्यांना म्हणाला, "ही दिवसातून दहा वेळा पडणार. दहाही वेळा मी धावत यायचं का?" मेहुणे गप्प झाले. टेम्पोवाला मात्र परतीचे भाडे मिळणार म्हणून खूश दिसला.

मग त्याने शेडमधल्या गाड्या एकेक करून दाखवल्या. सगळ्यात धाकटी यामाहाची पीडब्ल्यू 50. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालत आलेली, सीट जमिनीपासून जेमतेम दीड फूट, वजन चाळीस किलोच्या आसपास. गिअर नाहीत, साखळी नाही, दोन्ही ब्रेक हाताशी. मूठ किती पिळता येईल ते एका स्क्रूने ठरवता येते, म्हणजे सूत्रे आईबापांच्या हाती. चार-पाच वर्षांच्या मुलाला तोल, मूठ आणि ब्रेक शिकवायला याहून शहाणी गाडी मला माहीत नाही. केटीएमची 50 एसएक्सही 50 सीसीच आणि बिनगिअरचीच, पण ती पाण्याने थंड होणारी, शर्यतीसाठीच जन्मलेली. सीसी सारखे म्हणून दोघींना एका तागडीत टाकणे म्हणजे घोड्याचे वजन पाहून तो टांग्याचा की रेसचा हे ठरवण्यासारखे आहे.

65 मध्ये क्लच आणि सहा गिअर येतात, आणि खरी विद्या इथे सुरू होते. कावासाकीची केएक्स 65 साधारण साठ किलोंची, सीट तीस इंच. 2000 पासून तिच्यात फारसा बदल नाही. केटीएमची 65 एसएक्स तिच्याहून चपळ आणि चढ्या किमतीची. शर्यतीत पहिल्या तिघांत यायचे असेल तर ती घ्यावी. आमच्या भाचीला अजून पडायला शिकायचे होते, तेव्हा जुन्या वळणाची सोशिक गाडीच बरी, असे माझे मत पडले.

85 हा पुढचा वर्ग, साधारण सातवी-आठवीतल्या मुलांचा. यामाहाच्या वायझेड 85 ला 2019 मध्ये पॉवर व्हॉल्व्ह मिळाला. ही धुराच्या पोर्टापाशी बसवलेली छोटी झडप. इंजिन सावकाश फिरत असताना पोर्ट लहान ठेवते, वेग वाढला की मोठे करते. त्यामुळे ती लाथ एकदम न बसता हळूहळू बसते. 85 च्या गाड्या लहान चाकांच्या आणि मोठ्या चाकांच्या अशा दोन उंचींत मिळतात. केएक्स 112 म्हणजे मोठ्या चाकांच्या 85 च्याच सांगाड्यावर थोरले इंजिन. उंचीने वाढलेल्या, पण 125 ला अजून तयार नसलेल्या मुलांसाठी ती केलेली आहे. आणि 125? वायझेड 125 ची सीट 38 इंचांवर, वजन 95 किलोंच्या घरात. ती मोठ्यांची गाडी आहे, आणि कित्येक मोठ्यांनाही ती झेपत नाही.

भाचीने तेवढ्यात विचारले, "मामा, मग ह्याच गाडीवर आपण सिंहगडाच्या बाजूला डोंगरात पण जाऊ शकतो ना?"

इथे पुष्कळांची गल्लत होते. ट्रॅकची गाडी आणि रानवाटेची गाडी लांबून जुळ्या बहिणी वाटतात. ट्रॅकच्या गाडीचे शॉकअब्सॉर्बर उंचावरून पडणे झेलण्यासाठी कडक केलेले, गिअर एकमेकांना खेटून ठेवलेले, टाकी चिमुकली, दिवा नाही, साइड स्टँडसुद्धा नाही. वीस मिनिटे जीव तोडून पळायचे, एवढेच तिचे काम. तिला दगडगोट्यांच्या चढावर हळू न्यायचे म्हटले की ती हातांना हिसके देते आणि प्लग काळा करून बंद पडते. रानवाटेला मऊ शॉकअब्सॉर्बर, अंतर राखून असलेले गिअर, मोठी टाकी आणि कमी वेगातही ओढणारे इंजिन लागते. यामाहाने 1968 मध्ये अमेरिकेत डीटी-1 काढली ती याच ओळखीतून. अलीकडे तिने वायझेड 125 ची एक्स नावाची रानातली बहीणही काढली. मागचे चाक 19 ऐवजी 18 इंचांचे, म्हणजे टायरची भिंत जाड होऊन दगडांचा मार सोसते. इंजिनाचा दाबही कमी केलेला, स्टँडही दिलेला. सज्ञान माणसाला सह्याद्रीत भटकायचेच असेल तर मी टू-स्ट्रोकच्या नादी न लागता एक्सपल्स 200 सारखी पासिंग झालेली फोर-स्ट्रोक घ्यायला सांगेन. जड आहे, पण घरून निघून घरी येता येते. आणि डोंगरातल्या वाटा गावकऱ्यांच्या पायवाटा असतात, पाण्याच्या, गुरांच्या. विचारल्याशिवाय तिथे चाक घालू नये.

भाचीचा तर प्रश्नच नव्हता. या गाड्यांना नंबरप्लेट मिळत नाही, त्या रस्त्यावर आणताच येत नाहीत. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत फक्त, असे म्हणायचीही सोय नाही.

खर्चाचे सांगायचे तर, कावासाकीने 2023 मध्ये केएक्स 65 भारतात आणली तेव्हाच तिची किंमत तीन लाखांच्या वर होती. म्हणून मैदानावरची मंडळी या गाड्या शाळेच्या पुस्तकांसारख्या फिरवतात. एकाचे मूल वाढले की दुसऱ्याच्या मुलाकडे. आम्हालाही अशीच एक मिळाली. मेहुण्यांना दुहेरी खर्चाची जी भीती होती ती यामुळे बरीच ओसरली. उरलेल्या पैशांत हेल्मेट, छातीचे आणि गुडघ्यांचे कवच, आणि घोट्याच्या वर जाणारे जाड बूट घेतले. जुनी गाडी घेताना पिस्टन आणि रिंगा कधी बदलल्या ते आधी विचारावे. शर्यतीच्या टू-स्ट्रोकचे आयुष्य किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. माती पिणारा एअर फिल्टर दर खेपेला धुवून तेलात बुडवावा लागतो. त्याची हयगय केली तर बोअर गेलाच म्हणून समजा.

बूट घेताना मात्र एक वाद झाला. बहीण सवयीने दुकानदाराला म्हणाली, "एक नंबर मोठे द्या." भाचीने आणि मी एकाच वेळी "नाही" म्हटले. घोटा आत हलला की मोडलाच. आयुष्यात पहिल्यांदा त्या मुलीने स्वतःच्या मापाचे बूट घातले.

ज्या बहिणीचा सुरुवातीला कडाडून विरोध होता तिने आता एक काम स्वतःकडे घेतले आहे. या गाडीला तेलाची वेगळी टाकी नाही, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे. प्रमाण 32 ला 1, म्हणजे चार लिटरला सव्वाशे मिली. कमी पडले तर पिस्टन जाम, जास्त झाले तर प्लग काळा. मेहुणे ते अंदाजाने ओतायचे. तिने त्यांच्या हातून डबा काढून घेतला. शनिवारी संध्याकाळी ती गॅलरीत बसते, समोर कॅन, आणि हातात काढ्यासाठी आणलेले जुने प्लास्टिकचे माप. त्यावर सव्वाशेच्या खुणेपाशी तिने लाल नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवली आहे.