दीर्घकालीन थकवा संलक्षण आणि उत्तेजक औषधे
दीर्घकालीन थकवा संलक्षण (मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस) या आजारात थकवा आणि एकाग्रतेच्या तक्रारी कमी करण्यासाठी मेथिलफेनिडेट, डेक्सॲम्फेटामिन, लिसडेक्सॲम्फेटामिन व मोडाफिनिल या औषधांचा वापर अभ्यासला गेला आहे. ही औषधे आजार बरा करत नाहीत आणि त्यांच्या उपयुक्ततेचा पुरावा मर्यादित आहे.

आजाराचे स्वरूप
अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये सुचवलेल्या निकषांनुसार निदानासाठी तीन लक्षणे आवश्यक आहेत: किमान सहा महिने टिकणारा व कामाची क्षमता लक्षणीय घटवणारा थकवा, श्रमानंतर प्रकृती खालावणे आणि झोपेनंतरही ताजेतवाने न वाटणे. यासोबत विचारशक्तीतील अडचण किंवा उभे राहिल्यावर त्रास वाढणे, यांपैकी एक लक्षण असावे लागते. निदान निश्चित करणारी रक्तचाचणी उपलब्ध नाही. त्यामुळे रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, मधुमेह, क्षयरोग, झोपेचे विकार आणि नैराश्य ही थकव्याची इतर कारणे आधी तपासली जातात.

औषधांचे कार्य
मेथिलफेनिडेट चेतापेशींमध्ये डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांचे पुनर्शोषण रोखते. त्यामुळे सावधपणा व अवधान वाढते. अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार आणि अतिनिद्रा विकार यांवर हे औषध प्रामुख्याने वापरले जाते. मोडाफिनिलही अतिनिद्रा विकारावर दिले जाते.

संशोधन
बेल्जियममधील लुव्हेन येथे झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुहेरी अंध चाचणीत ६० रुग्णांना चार आठवडे मेथिलफेनिडेट आणि चार आठवडे प्लासिबो देण्यात आले. औषधाने थकव्यात लक्षणीय सुधारणा सुमारे १७ टक्के, तर एकाग्रतेत सुमारे २२ टक्के रुग्णांमध्ये दिसली. म्हणजेच बहुसंख्य रुग्णांना तसा लाभ झाला नाही. २०१३ मधील लिसडेक्सॲम्फेटामिनच्या चाचणीत नियोजन व कार्यनियंत्रणाच्या क्षमतेत सुधारणा आढळली, मात्र त्यात केवळ २६ रुग्ण होते. मेथिलफेनिडेट व पोषक घटकांच्या मिश्रणाची १३५ रुग्णांवरील बारा आठवड्यांची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्लासिबोच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही.

धोके
निद्रानाश, भूक मंदावणे, धडधड, रक्तदाब वाढणे व अस्वस्थता हे प्रमुख दुष्परिणाम आहेत. काही औषधांची सवयही लागू शकते. या आजारात आणखी एक विशिष्ट धोका संभवतो. उत्तेजकामुळे थकव्याची जाणीव दबते, परंतु शरीराची मूळ मर्यादा बदलत नाही. रुग्णाने त्या मर्यादेपलीकडे श्रम केल्यास पुढील काही दिवस किंवा आठवडे प्रकृती अधिक बिघडू शकते. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २००७ च्या मार्गदर्शिकेत डेक्सॲम्फेटामिन व मेथिलफेनिडेट या आजारावर वापरू नयेत असे म्हटले होते. २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार आजार बरा करण्यासाठी कोणतेही औषध देऊ नये. ऊर्जेचे नियोजन आणि लक्षणांनुसार उपचार यांवर तिचा भर आहे.

भारतातील स्थिती
भारतात मेथिलफेनिडेट व ॲम्फेटामिन हे पदार्थ औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या परिशिष्ट 'एक्स'मध्ये मोडतात. त्यांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते व एक प्रत विक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हाही त्यांना लागू होतो.

गोव्यात १८ ते ५० वयोगटातील स्त्रियांच्या एका पाहणीत १२.१ टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. विक्रम पटेल व सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. या थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनच्या पातळीशी आढळला नाही. दारिद्र्य, मानसिक अस्वास्थ्य आणि स्त्री म्हणून वाट्याला येणारी प्रतिकूलता यांच्याशी मात्र तो आढळला. ही आकडेवारी दीर्घकालीन थकव्याच्या तक्रारीची असून संलक्षणाच्या निदानाची नाही. त्यामुळे दीर्घकाळ थकवा असलेल्या प्रत्येक व्यक्तीला हे संलक्षण आहे असे मानता येत नाही आणि उत्तेजक औषधाचा विचार कारणांच्या तपासणीनंतर, तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच केला जातो.