दृष्टीआडची सृष्टी

जन्मतः सुमारे ३ किलो वजनाचे अर्भक पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षअखेरीस जवळजवळ तिप्पट भरते, पालथे पडते, बसते, रांगते. ही वाढ तराजूने मोजता येते, परंतु त्याच मुदतीत त्याच्या बुद्धीत जे स्थित्यंतर घडते, त्याची दखल आपण क्वचितच घेतो.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी आपल्या तीन अपत्यांच्या बालचेष्टांची बारकाईने नोंद ठेवली आणि तिच्या आधारे १९३० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, सुमारे आठ महिन्यांच्या आतले मूल फडक्याखाली झाकलेले खेळणे शोधत नाही, कारण दृष्टीआड झालेली वस्तू अस्तित्वात राहते ही जाणीवच त्याच्या ठायी अद्याप उदय पावलेली नसते. पुढे १९८० च्या दशकात रने बायारजाँ या विदुषींनी, अर्भकाची नजर किती वेळ खिळते हे मोजून, ही जाणीव चौथ्या महिन्याच्या आसपासही अंशतः असते असे दाखवले. बाळाचे हात मात्र या जाणिवेच्या हुकमतीत आलेले नसतात.

आई खोलीबाहेर जाताच नवव्या महिन्यातील बाळ जो आक्रोश करते तो हट्ट नव्हे. ती आहे, पण येथे नाही, एवढे त्याला उमजू लागल्याची ती साक्ष आहे. त्या रडण्यावर रागावू नका. बाळाला उचलून घ्या.